आकडे वेळेवर द्या आणि सगळेच द्या : सांख्यिकी मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय, नवी दिल्ली;
तसेच राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे मा. अध्यक्ष आणि सदस्य यांस

महोदय,

सोलापुरातील एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातील कितीतरी मुलामुलींचे वडील यंत्रमागावर काम करतात आणि आया घरी विड्या वळतात. राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकवायला घेतले की त्यांच्यातले कोणी ना कोणी विचारतेच, की अर्थव्यवस्था इतकी वाढली असे म्हणतात तेव्हा आमच्या घरची कमाई त्यात धरलेली असते का, आणि असेल तर ती कोणी, कधी येऊन मोजली? हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी तो जाऊन भिडतो. त्याचे प्रामाणिक उत्तर देणे गेल्या दशकात मला अधिकाधिक अवघड होत गेले आहे. त्याची कारणे शासनाच्या काही निर्णयांत आणि त्याहून अधिक न घेतलेल्या निर्णयांत आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला आणि आपल्याबरोबर सर्व वाचकांनाही लिहीत आहे.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी आपण जाहीर केले की २०२५-२६ च्या दुसऱ्या तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन स्थिर किमतींनुसार, म्हणजे महागाई वगळून, ८.२ टक्क्यांनी वाढले. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीला ‘सी’, म्हणजे खालून दुसरी, श्रेणी दिली. लगेच दोन तट पडले. एकाने आकड्याचा जयजयकार केला, तर दुसऱ्याने आकडा बनावट ठरवून टाकला. मी या दोन्हींत नाही. आपल्या कार्यालयात बसून कोणी आकडे फिरवले असे मी मानत नाही आणि तसा आरोपही करत नाही. माझी तक्रार अशी आहे, की मोजण्याची साधने जुनी होऊ दिली गेली, गैरसोयीचे निष्कर्ष अडवून ठेवले गेले, आणि या दोहोंबद्दल कायद्याने कोणालाच जाब विचारता येत नाही. नाणेनिधीने दाखवलेल्या उणिवांतही नवे काही नव्हते. आपल्याच देशातील अभ्यासक त्या वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

आधारवर्षापासून सुरुवात करते. हा ८.२ टक्क्यांचा आकडा २०११-१२ हे वर्ष पाया धरून काढलेला आहे. ती मालिका जानेवारी २०१५ मध्ये आली. त्याआधी १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५ आणि २०११-१२ अशी आधारवर्षे पाच-सात वर्षांच्या अंतराने बदलत आली होती. या वेळी मात्र नवे आधारवर्ष २०२२-२३ ठरले, म्हणजे मध्ये अकरा वर्षे गेली. त्या अकरा वर्षांत नोटाबंदी झाली, वस्तू व सेवा कर आला, टाळेबंदी झाली आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत मोबाइलवरून पैसे देणे पोहोचले. २०१७-१८ हे वर्ष आधारासाठी योग्य नाही असे आपल्या सल्लागार समितीने २०१९ मध्ये सुचवले होते, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ती उलथापालथीची वर्षे होती. पण उलथापालथ झाली म्हणून मोजमाप पुढे ढकलायचे असेल, तर अर्थव्यवस्थेत सर्वांत जास्त बदल होत असतो नेमका तेव्हाच तो आपल्याला दिसणार नाही.

त्याहून गंभीर बाब किमतींची आहे. त्या तिमाहीत चालू किमतींनुसार वाढ ८.७ टक्के होती आणि स्थिर किमतींनुसार ८.२. म्हणजे अर्थव्यवस्थेतील सर्वसाधारण किमती वर्षभरात जेमतेम अर्धा टक्का वाढल्या असे या हिशेबाने गृहीत धरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये घाऊक किंमत निर्देशांक तर वर्षभरापूर्वीपेक्षा खाली होता, आणि त्या मालिकेच्या पद्धतीत या निर्देशांकाचे वजन फार मोठे होते. घाऊक निर्देशांकात सेवांचा समावेशच नाही, तरी आपल्या उत्पादनाचा निम्म्याहून मोठा भाग सेवांचा आहे. शिवाय शेतीसारखे अपवाद सोडले, तर कच्चा माल आणि तयार माल यांच्या किमती वेगवेगळ्या वगळण्याऐवजी एकाच निर्देशांकाने दोन्हींचे काम भागवले जात असे.

याचा परिणाम काय होतो, हे मी वर्गात सोलापुरी टॉवेलवरून दाखवते. समजा, एका कारखान्यात वर्षाला शंभर रुपयांचे टॉवेल तयार होतात आणि त्यांना साठ रुपयांचे सूत लागते. मूल्यवर्धन झाले चाळीस रुपये. पुढच्या वर्षी तितकेच टॉवेल निघाले, तितकेच सूत लागले, टॉवेलचा भावही तोच राहिला. फक्त सुताचा भाव दहा टक्क्यांनी उतरला आणि साठाचे सूत चोपन्न रुपयांना आले. कारखान्यात एक टॉवेलही जास्त विणला गेलेला नाही. सूत आणि टॉवेल यांच्या किमतींतील बदल वेगवेगळा वगळला तर खरी वाढ शून्य येते. केवळ टॉवेलच्या भावाने हिशेब केला, तर मूल्यवर्धन चाळीसाचे शेहेचाळीस होते आणि कागदावर पंधरा टक्के वाढ दिसते. सूत महागले की हीच चूक उलट दिशेने होते आणि खरी वाढ कमी दिसते. त्यामुळे ही पद्धत कोणत्या सरकारच्या सोयीची आहे, हा वाद मला निरर्थक वाटतो. ती चूक दोन्हीकडे नेते, एवढे कारण तिला सोडून देण्यास पुरेसे आहे. नव्या मालिकेत दुहेरी पद्धतीचा, म्हणजे कच्चा आणि तयार माल यांच्या किमती वेगवेगळ्या वगळण्याचा, वापर वाढवण्याचे आपण योजले, त्याचे मी स्वागत करते. परंतु उत्पादकाला मिळणारे भाव मोजणाऱ्या ज्या उत्पादक किंमत निर्देशांकावाचून ही सुधारणा पुरी होऊ शकत नाही, तो निर्देशांक समित्या नेमूनही अजून आपल्या हाती आलेला नाही. घाऊक निर्देशांक वाणिज्य मंत्रालयाकडे आहे, हे मला ठाऊक आहे. पण दोन मंत्रालयांच्या मधल्या जागेत देशाचा विकासदर अडकून पडत असेल, तर ती कोंडी सोडवण्याची जबाबदारी शासनाचीच आहे.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येते. जुन्या मालिकेत असंघटित क्षेत्राचा पाया २०१०-११ च्या पाहणीवर घातलेला होता. नंतरच्या वर्षांसाठी त्या क्षेत्राची वाढ बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष न मोजता संघटित क्षेत्राच्या निर्देशकांवरून पुढे ओढून घेतली गेली. मोठे आणि छोटे उद्योग एकाच चालीने चालत असतील तर ही युक्ती चालून जाते. पण २०१६ साली नोटाबंदी झाली, २०१७ साली नवा कर आला, २०२० साली टाळेबंदी झाली, आणि या तिन्ही वेळी फटका बसला तो प्रामुख्याने छोट्यांना. चार मागांचा एखादा छोटा कारखाना बंद पडून त्याचे काम मोठ्या गिरणीकडे गेले, तर गिरणीची वाढ हिशेबात येते. आणि गिरणी वाढली म्हणून तो बंद पडलेला कारखानाही वाढला असे धरले जाते. ज्याचे नुकसान झाले त्याच्याच नावावर वाढ लिहिली जाते. याहून मोठा अन्याय एखाद्या सांख्यिकी पद्धतीतून होऊ शकेल असे मला वाटत नाही.

या काळात प्रत्यक्ष मोजणी झाली असती तर निदान नंतर दुरुस्ती करता आली असती. असंघटित उद्योगांची एक पाहणी २०१५-१६ मध्ये झाली, आणि त्यानंतर प्रसिद्ध झालेले आकडे थेट २०२१-२२ चे आहेत. तिन्ही आघात नेमके या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात पडले. सातव्या आर्थिक गणनेचे, म्हणजे देशभरातील आस्थापनांच्या मोजणीचे, काम झाले, पण तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेच नाहीत. आता असंघटित उद्योगांची पाहणी दरवर्षी होते आणि २०२३-२४ मध्ये तिने देशात ७.३४ कोटी असंघटित आस्थापने आणि त्यांत काम करणारी १२ कोटींहून अधिक माणसे मोजली. एवढ्या लोकांची कमाई इतकी वर्षे अनुमानावर चालली होती, हे या आकड्यांवरूनच कळते.

संघटित क्षेत्राचा हिशेबही निर्दोष होता असे नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या माहितीसाठ्यावरून कंपन्यांचे मूल्यवर्धन काढले जाते. आपल्याच कार्यालयाने २०१६-१७ मध्ये सेवा क्षेत्राची पाहणी केली, तेव्हा त्या साठ्यातून निवडलेल्या कंपन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकतर सापडल्या नाहीत, बंद होत्या, नाहीतर त्यांची नोंद भलत्याच वर्गात होती. ही गोष्ट आपल्याच अहवालातून बाहेर आली, याबद्दल तो अहवाल लिहिणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. तिच्यामुळे एकूण उत्पादनाच्या अंदाजात किती फरक पडतो, हे मात्र सामान्य वाचकाला कळेल असे कधी सांगितले गेले नाही.

ग्राहक किंमत निर्देशांकांची कथा घराघराशी संबंधित आहे, कारण अशा वेगवेगळ्या निर्देशांकांवर रिझर्व्ह बँकेचा व्याजदर, घरकर्जाचा हप्ता, महागाई भत्ता आणि आमच्या विडी कामगारांच्या किमान वेतनातील विशेष भत्तासुद्धा अवलंबून असतो. सर्वसाधारण ग्राहक निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत प्रत्येक वस्तूला दिलेला भार २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ठरला. ग्रामीण निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार ५४.१८ टक्के ठेवला होता. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४६.३८ टक्के निघाला. वर्गीकरणातील बारीकसारीक फरक धरले तरी हे अंतर मोठे आहे. कॅसेट आणि घोडागाडीचे भाडे यांना या यादीत जागा होती, पण ग्रामीण भागातील घरभाड्याला नव्हती. शेतमजुरांच्या निर्देशांकाची स्थिती तर याहून वाईट होती. त्याचे आधारवर्ष २०२५ च्या मध्यापर्यंत १९८६-८७ हेच होते, आणि रोजगार हमीच्या मजुरीचे दर वर्षानुवर्षे याच निर्देशांकावरून ठरत आले. सर्वांत गरीब माणसाची मजुरी ठरवणारे माप सर्वांत जुने का राहिले, याचे स्पष्टीकरण अद्याप कोणी दिलेले नाही. तो निर्देशांक श्रम मंत्रालयाचा असला तरी हा प्रश्न मी राष्ट्रीय सांख्यिकी आयोगालाही विचारते, कारण या सर्व मापांवर देखरेख ठेवण्यासाठीच आयोगाची कल्पना पुढे आली होती.

जी गोष्ट मला मुळीच मान्य करता आलेली नाही ती २०१७-१८ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीची आहे. अन्वेषक घरोघर गेले, लोकांनी आपल्या चुलीचा आणि औषधपाण्याचा खर्च विश्वासाने सांगितला, अहवालही तयार झाला. त्यात खरा दरडोई खर्च घटल्याचे दिसते अशी बातमी नोव्हेंबर २०१९ मध्ये वृत्तपत्रात आली, आणि पाठोपाठ आपल्या मंत्रालयाने माहितीच्या दर्जाचे कारण देऊन निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय जाहीर केला. दर्जात खोट असू शकते. पण ती खोट कोणती, किती आणि कोणत्या राज्यांत, हे तपासायचे तर मूळ माहिती लोकांसमोर यावी लागते. त्याच वर्षाच्या आरंभी रोजगाराच्या पाहणीचा अहवाल अडवल्याच्या वादात राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले होते, ६.१ टक्के बेरोजगारी दाखवणारा तो अहवाल ३१ मे २०१९ रोजी, लोकसभा निवडणूक आटोपल्यावर बाहेर आला. उपभोगाच्या पाहणीला तेवढेही भाग्य लाभले नाही. परिणामी २०११-१२ पासून २०२२-२३ पर्यंत लोकांच्या राहणीमानाचा अधिकृत पुरावाच आपल्याजवळ नाही. २०२२-२३ ची पाहणी वेगळ्या पद्धतीने झाल्यामुळे तिची मागच्या पाहणीशी सरळ तुलनाही करता येत नाही.

महाराष्ट्रातून लिहिताना याचे दुःख अधिक वाटते, कारण सरकारी आकडे तपासून सरकारलाच प्रश्न विचारण्याची परंपरा इथे जुनी आहे. मुंबईच्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी माणशी वार्षिक वीस रुपये उत्पन्नाचा अंदाज मांडला तो ब्रिटिश सरकारच्याच कागदपत्रांवरून. स्वतंत्र भारताची पहिली राष्ट्रीय उत्पन्न समिती १९४९ मध्ये नेमली गेली तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासोबत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्याची चर्चा उभी केली, ती राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग खर्चाच्या आकड्यांवर. त्यांचे निष्कर्ष कोणत्याही सरकारला सुखावणारे नव्हते. तरीही त्यांना आकडे मिळाले. आजच्या तरुण संशोधकाला २०१७-१८ चे आकडे मिळत नाहीत.

जनगणनेबद्दल थोडक्यातच लिहिते. १८८१ पासून दर दहा वर्षांनी झालेली ही मोजणी २०२१ मध्ये झाली नाही. साथीचे कारण पहिल्या एक-दोन वर्षांपुरते रास्त होते. आता तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे सोळा वर्षांचे अंतर. तोपर्यंत दरडोई उत्पन्नाचा भाजक अंदाजाचाच राहणार. अन्न सुरक्षा कायद्याखालील सुमारे ८१.३५ कोटी लाभार्थ्यांची मर्यादाही २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली आहे, त्यामुळे नंतर वाढलेल्या कुटुंबांना शिधापत्रिकेसाठी कोणाचे तरी नाव वगळले जाण्याची वाट पाहावी लागते. दारिद्र्यरेषेचेही तेच. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेल्या २०११-१२ च्या रेषेनंतर, म्हणजे खेड्यात माणशी दरमहा ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये या रेषेनंतर, शासनाने नवी रेषा स्वीकारलेलीच नाही.

रोजगाराचे आकडे २०२५ पासून दर महिन्याला मिळू लागले, हे चांगले झाले. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली जावी. आईबरोबर घरी विड्या वळणारी आणि स्वतःच्या हाती एक रुपयाही न पडणारी मुलगी वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाली की बिनपगारी कुटुंब सहायक म्हणून कामावर असलेल्यांत मोजली जाते. महिलांचा श्रमसहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला हे सांगताना, त्यातील किती वाढ अशा बिनपगारी कामाची आहे हेही त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापले जावे.

आपल्या कार्यालयातील अनेक माणसे मनापासून काम करतात. प्रसिद्धीच्या तारखा आधी जाहीर होतात, पाहण्यांची मूळ माहिती पूर्वीपेक्षा लवकर मिळते, नव्या मालिकांच्या पद्धतींवर आपण चर्चापत्रे काढली आणि सूचना मागवल्या. ही खुली वागणूक कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता बंधनकारक व्हावी, यासाठी माझ्या मागण्या अशा आहेत.

राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाला संसदेच्या कायद्याने दर्जा द्यावा. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली सांख्यिकी व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००१ मध्ये ही शिफारस केली होती. २००५ च्या शासकीय ठरावावर चालणारा आजचा आयोग सल्ला देऊ शकतो, अडवलेला अहवाल सोडवू शकत नाही. त्याच कायद्यात अशी तरतूद असावी की जनगणना, उपभोग खर्च पाहणी आणि आधारवर्षांचे नूतनीकरण ठरलेल्या मुदतीत होईल, मुदत टळल्यास कारणे संसदेपुढे लेखी मांडावी लागतील, आणि एकदा पूर्ण झालेल्या पाहणीचा अहवाल व मूळ माहिती रोखून धरण्याचा अधिकार कोणत्याही मंत्रालयाला असणार नाही. दर्जाबद्दल शंका असेल तर ती शंका अहवालासोबत छापावी.

२०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीची मूळ माहिती, कुटुंबांची ओळख लपवून, ताबडतोब खुली करावी. सातव्या आर्थिक गणनेचे निष्कर्षही जसे असतील तसे प्रसिद्ध करावेत.

२०२२-२३ आधारवर्षाच्या मालिकेला मागे जोडणारी, निदान २००४-०५ पर्यंत जाणारी मालिका संपूर्ण पद्धतीसह द्यावी. मागच्या वेळी नव्या मालिकेनंतर जोडमालिकेसाठी नोव्हेंबर २०१८ पर्यंत थांबावे लागले. आणि ती आली तेव्हा २०१०-११ ची वाढ १०.३ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर उतरलेली पाहून आधीच्या आणि नंतरच्या सरकारांचे समर्थक भांडत बसले. या वेळी तिच्यावर स्वतंत्र तज्ज्ञांची मते आधी मागवावीत. नव्या मालिकेत असंघटित क्षेत्राचा प्रत्येक वर्षाचा अंदाज त्या क्षेत्राच्या प्रत्यक्ष पाहणीवर उभा असावा, आणि जिथे अजून अनुमान वापरले असेल तिथे तसे तक्त्यातच नमूद करावे. उत्पादक किंमत निर्देशांकाची तारीख वाणिज्य मंत्रालयासह संयुक्तपणे जाहीर करावी.

शेवटची मागणी आमच्या राज्यासारख्या राज्यांसाठी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील उत्पन्नाचे अंदाज आजही मोठ्या प्रमाणावर राज्याच्या आकड्याची वाटणी करून काढले जातात, आणि त्या अंदाजांवर मागासलेपणाचे निर्णय होतात. मुंबईतील अर्थ व सांख्यिकी संचालनालयासारख्या राज्यांच्या यंत्रणांना पुरेसे अन्वेषक आणि निधी देऊन जिल्हा पातळीवर विश्वासार्ह ठरेल एवढा मोठा नमुना घ्यावा. तसे झाले तर सोलापूरच्या यंत्रमागांचे आणि विडी कामगारांचे उत्पन्न सोलापुरातच मोजले जाईल.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे उत्तर आपण मला व्यक्तिशः न देता मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, शक्य तर मराठीसह सर्व भारतीय भाषांत, प्रसिद्ध करावे. पुढील शैक्षणिक वर्षात राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकवताना मी ते वर्गात वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका, सोलापूर